पाण्याचा गोटा

"हे खरे फोटो आहेत, आजोबा. कुणी काढलेलं चित्र नाही," असं म्हणत अनिरुद्धने मोबाइल पुढे केला.

बेसिलने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. मोबाइल आधी नाकाशी धरला, मग हात लांब करून धरला, मग खिडकीकडे तोंड करून धरला. शेंदरी उजेड होता. वर आकाश शेंदरी, खाली जमीन शेंदरी, आणि जमिनीवर पसरलेले गोल गोल गोटे.

"कुठले म्हणालास?"

"शनीच्या चंद्राचे. शनीला पुष्कळ चंद्र आहेत. हा त्यातला सगळ्यात मोठा, टायटन."

"ते घड्याळाचं नाव आहे."

"घड्याळाचंही आहे."

शेजारी बसलेल्या शॅरनने अनिरुद्धच्या पायावर हळूच पाय दिला. आज तो पहिल्यांदा घरी आला होता. पहिल्या भेटीला लोक केक आणतात. शॅरनने त्याला बजावलं होतं, "केक नको. आजाला गोष्ट लागते. चांगली असेल तर घेऊन ये." अनिरुद्ध गोरेगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याच्यापाशी जी सगळ्यात चांगली गोष्ट होती, ती तो घेऊन आला होता.

"शंभर कोटी किलोमीटरच्या पलीकडे आहे हा चंद्र," तो सांगू लागला. "माणसांनी एक यान सोडलं. ते सात वर्षं जात होतं. तिथे पोचल्यावर त्यातून एक छोटं यान सुटलं आणि पॅराशूट लावून खाली उतरलं. उतरता उतरता फोटो काढत होतं. हा उतरल्यावरचा. मी शाळेत होतो तेव्हा."

"पॅराशूट," बेसिल म्हणाला.

"हो. आणि तिथे पाऊस पडतो, पण पाण्याचा नाही, गॅसचा. म्हणजे आपल्याकडे जो गॅस, तो तिथल्या थंडीत पातळ होतो. त्याच्या नद्या वाहतात."

"गॅसच्या."

"हो. आणि हे गोटे दिसतात ना, हे दगड नाहीत. हे पाणी आहे. थंडी इतकी की पाणी दगडासारखं कडक झालंय. नदीने घासून घासून त्याचे गोटे केलेत."

बेसिलने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. पोरगा गंभीर होता. पापणी लवत नव्हती.

"किती फोटो आले असे?"

"निघाले होते त्याच्या निम्मे आले. निम्मे हरवले. वरच्या मोठ्या यानातलं एक यंत्र चालू करायचं राहून गेलं होतं."

बेसिल मनातल्या मनात उठून उभा राहिला. त्याने आयुष्यभर बंडलं मारली होती, पण निम्मा पुरावा असा सहज हरवून टाकायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

मरोळच्या त्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत, पाखाडीत, बेसिलला आडनावाने कुणी ओळखत नसे. बेसिल बंडल म्हटलं की पत्ता सापडायचा. तीस-पस्तीस वर्षं तो पार्ल्याच्या बिस्किटांच्या फॅक्टरीत भट्टीवर होता. एकदा भट्टीचा पट्टा अडकला तेव्हा सगळी बिस्किटं एकमेकांना चिकटून कॅरम बोर्डाएवढं एकच बिस्कीट बाहेर आलं, आणि ते चौघांनी धरून साहेबाच्या चहात बुडवलं, असं तो सांगायचा. पाखाडीच्या विहिरीतून त्याने एकदा मासा ओढला, तर डोकं चर्चच्या पायरीला लागलं तरी शेपूट विहिरीतच होती, असंही सांगायचा. आणि दर वेळी आतून त्याच्या बायकोचा, सेराफिनाचा, आवाज यायचा, "बोटाएवढा होता. मांजराने पण नाय खाल्ला."

जन्मभर हेच चाललं होतं. तो फुगवायचा, ती टाचणी लावायची. त्यामुळे पाखाडीला नेमकं खरं किती ते आपोआप कळायचं.

आता त्याने फोटोवर बोट ठेवलं. गोटे पुन्हा पाहिले, आणि त्याला एकदम ओळख पटली. तरुणपणी विहिरीचा गाळ काढायला तो दोराने खाली उतरला होता, तेव्हा त्याने हेच पाहिलं होतं. पाणी स्वच्छ राहावं म्हणून जुन्या लोकांनी तळाला नदीचे गोटे घातले होते. वरून पडणारा उजेडही असाच, तांबूस.

"अरे, कसला शनी," तो म्हणाला. "ही आपली विहीर आहे. आपल्या विहिरीचा तळ."

शॅरन पुढे झुकली. "तळ दिसतोय? म्हणजे विहिरीत पाणी नाहीये का, आजा?"

स्वयंपाकघरात सेराफिना पिठाचे फुगे तळत होती. तिचा झारा थांबला.

पाणी नव्हतं. मागे टॉवर उभा राहिला, त्याच्या पायासाठी वर्षभर रात्रंदिवस पंप चालला, आणि पाखाडीची विहीर खालून कुणी बूच काढल्यासारखी सुकली. मग कुणी त्यात विटांचे तुकडे टाकले, कुणी मोडकी खुर्ची. शेवटी महापालिकेने वर लोखंडी जाळी ठोकली आणि कुलपाची चावी चर्चमध्ये ठेवली. शॅरन तेव्हा नोकरीला बंगलोरला होती. सुट्टीत आली तर विहिरीकडे कोण जातं?

पण लग्न ठरल्यापासून तिने फोनवर एकच गोष्ट मागितली होती. हॉल छोटा चालेल, जेवण साधं चालेल. फक्त उंबराचं पाणी आपल्या विहिरीचं हवं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बाजा लावून सगळ्यांनी विहिरीवर जायचं, पाणी काढायचं आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं, हा त्यांचा जुना रिवाज. शॅरनच्या आईला, सेलिनाला, ह्याच विहिरीच्या पाण्याने न्हाऊ घातलं होतं. बेसिलने स्वतः दोर ओढला होता. सेलिना गेली तेव्हा शॅरन दुसरीत होती. बाप बोटीवर होता, तो तिकडचाच झाला. आईच्या म्हणाव्यात अशा दोन-चार वस्तू आणि ही विहीर, एवढंच पोरीकडे होतं.

"पाणी नाही?" बेसिल म्हणाला. "भरपूर आहे. इतकं स्वच्छ आहे की तळ दिसतो. तुझ्यासाठी राखून ठेवलंय. कुणाला हात लावू देत नाय मी."

शॅरन हसली आणि मागे टेकली. त्याने कान आत लावला. सेराफिना काहीतरी बोलेल, आत्ता बोलेल. पण आतून नुसता तेलाचा चर्र आवाज आला. झारा पुन्हा चालू झाला होता.

पोरं गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"पोरगा पास," तो म्हणाला.

"कशावरून?"

"माझ्यापेक्षा मोठं बंडल मारतो. आणि चेहरा बघितलास? इस्त्री केल्यासारखा. अशा माणसाबरोबर पोरगी कधी कंटाळणार नाय."

"ते खरं आहे, बेसिल. तेव्हा पेपरात आलेलं. मी वाचलंय."

"गॅसच्या नद्या?"

"होय."

"आणि पाण्याचे गोटे?"

"ते पण."

बेसिलने दोन दिवस एकही बंडल मारलं नाही. इतकी सुरेख थाप, आणि खरी निघाली. नातजावई सत्य बोलणारा निघाला ह्याचं दुःख पाखाडीत दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सेराफिनाने चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "माना एक सांग. पाणी कुठून आणणार?"

"बघतो काहीतरी."

"पोरीला खरं सांग. रडेल थोडी. नळाच्या पाण्याने पण लग्न होतं."

"तू का नाय सांगितलंस त्या दिवशी? आतून ओरडायचं होतं. नेहमी तर ओरडतेस."

सेराफिनाने कपाखालची बशी सरळ केली. "तिचा चेहरा दिसत होता माना दारातून," ती म्हणाली.

पोरीला खरं सांगायचं काम दोघांनाही नको होतं.

बेसिल गेला लेस्टरकडे. लेस्टर पाखाडीच्या बाजात कर्णा वाजवायचा आणि चर्चच्या चाव्या सांभाळायचा. म्हणजे ह्या कामाला लागणारी दोन्ही हत्यारं त्याच्याकडे होती.

"सोपं आहे," बेसिल म्हणाला. "रंगाचा रिकामा ड्रम दोराने खाली सोडायचा. वरून पाइप लावून भरायचा. संध्याकाळी अंधारत येतं, आत कोण बघतंय? बादली ड्रममध्ये सोडायची, पाणी वर. विहिरीतून आलं ना? मग विहिरीचं पाणी."

"आणि बादली ड्रमच्या बाहेर पडली तर?"

"दोर माझ्या हातात असणार. भट्टीवर होतो मी, लेस्टर. डोळे मिटून ट्रे सरकवायचो."

"वाट लागेल, बेसिल अंकल."

"तू फक्त कुलूप काढ."

लग्नाच्या आदल्या दुपारी, सगळे जेवून आडवे झाले असताना, दोघांनी जाळी उघडली. ड्रम खाली विटांच्या ढिगावर नीट बसला. थोडा कललेला होता, पण बसला. पाइपाने भरला. बेसिलने वाकून पाहिलं, तर खाली आकाशाचा एक गोल तुकडा चमकत होता. कितीतरी वर्षांनी विहिरीला डोळा आला होता. क्षणभर त्याला ते खरंच वाटलं.

संध्याकाळी बाजा निघाला. बायकांनी चौकड्यांची लाल लुगडी नेसली होती, डोक्यावर कळश्या होत्या. पुढे लेस्टर गाल फुगवून कर्णा वाजवत होता. नवरी विहिरीवर जात नाही, त्यामुळे शॅरन घरी केसांना तेल लावून बसली होती. वरपक्षाकडून अनिरुद्धची आई आली होती, दिंडोशीहून. लताताई. फिकट निळी साडी, अंगावर दागिना जवळजवळ नाही. सगळ्या गलक्यात ती सेराफिनाच्या बाजूला, हात एकमेकांत धरून चालत होती.

विहिरीवर पोचल्यावर बाजा थांबला. रिवाजाप्रमाणे बेसिलने काठावरून दारूचे दोन थेंब आत सोडले आणि दोराची गुंडाळी हातात घेतली.

"मी ओढू का?" लताताई म्हणाली.

बेसिल थबकला. "तुम्ही? तुम्ही पाहुण्या. हात कशाला खराब करता?"

"नाही, म्हणजे चालत असेल तर." तिने पदर खांद्यावर घेतला. "माझ्या आजीला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. ती खाली उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचं. आणि आज मला इथे वाजत गाजत आणलंत. एकदा दोर धरू दे म्हटलं."

लेस्टरने कर्णा खाली केला आणि बेसिलकडे पाहिलं. बेसिलच्या तोंडात एरवी शंभर सबबी तयार असायच्या. दोर जुना आहे, कठडा निसरडा आहे, ह्या विहिरीत मगर आहे. त्यातली एकही बाहेर आली नाही. त्याने दोर तिच्या हातात दिला.

"सरळ सोडा," तो म्हणाला. "जरा डावीकडे. तिथे पाणी गोड आहे."

तिने बादली सोडली. मन लावून, हळूहळू सोडली. पण डावीकडे म्हणजे नेमकं किती, हे तिला कसं कळणार? खालून 'ठण्ण' आवाज आला. मग काहीतरी गडगडलं. मग पाण्याचा घळघळ आवाज, बराच वेळ, आणि मग काहीच नाही.

"ऐकलं?" एक म्हातारी कौतुकाने म्हणाली. "किती पाणी आहे बघा आत."

बेसिलने डोळे मिटले. तळ ते सगळं पिऊन टाकत होता.

लताताईने दोर ओढायला घेतला. बादली खाली आडवी पडलेली, ती ढिगावरून घासत, अडखळत वर आली. काठावर आली तेव्हा सगळ्या बायका कळश्या घेऊन पुढे झाल्या.

बादलीत एक गोटा होता. मुठीएवढा, गोल, ओला. आणखी काही नव्हतं.

लताताईने बादलीत पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. "माझ्या हाताने दगड आला," ती इतक्या हळू म्हणाली की फक्त जवळच्यांनाच ऐकू गेलं. "पुन्हा टाकते. नाहीतर दुसऱ्या कुणी तरी टाका."

आता बोलायची पाळी बेसिलची होती. सगळी पाखाडी त्याच्याकडे पाहत होती, कारण अशा वेळी तोच बोलतो. त्याने तोंड उघडलं. समोर ह्या बाईचा उतरलेला चेहरा होता, घरी तेल लावून बसलेली पोर होती, आणि मध्ये एक गोटा. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पोतडीत काही नव्हतं. त्याने तोंड मिटलं.

सेराफिना पुढे आली. तिने बादलीत हात घातला, गोटा काढला, पदराने न पुसता तसाच आपल्या कळशीत ठेवला. कळशीत तो वाजला. तिने वर आंब्याचं पान ठेवलं.

"पुन्हा कशाला टाकायचं?" ती म्हणाली. "एकदाच काढायचं असतं. पाणी मिळालं."

"अगं, तो तर..." म्हातारी म्हणू लागली.

"पाणीच आहे ते. कडक झालंय. फार वर्षं कुणी काढलं नाय, म्हणून." सेराफिनाचा चेहरा इस्त्री केल्यासारखा होता. "विचारा विहीणबाईंना. त्यांच्या मुलाकडे फोटो आहेत. काय हो, असतात ना पाण्याचे गोटे?"

लताताई तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला. "असतात," ती म्हणाली. "अनिरुद्ध लहानपणापासून दाखवतोय. नदीतले असतात."

"बघा. लताताईंच्या हाताला पहिल्या झटक्यात लागलं. चला, पोर थांबलीय. वाजव रे लेस्टर, झोपलास काय?"

लेस्टरने कर्णा लावला. पहिला सूर चुकला, दुसरा बरोबर आला. मिरवणूक परत फिरली. कळशी सेराफिनाच्या डोक्यावर होती आणि प्रत्येक पावलाला आतून टक, टक आवाज येत होता. बेसिल तिच्या मागून चालला होता. बायकोच्या पाठीकडे इतक्या नवलाने त्याने लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

घरी मोरीत शॅरन जुना झगा घालून पाटावर बसली होती. सेराफिनाने कळशी नळाखाली धरली, काठोकाठ भरली आणि पान बाजूला केलं. शॅरनने आत पाहिलं. पाण्याखाली गोटा दिसत होता. तिने वर पाहिलं, आधी आजीकडे, मग दारात उभ्या असलेल्या बेसिलकडे. तो बोटाने चौकटीचा रंग खरवडत होता.

"शॅरन," तो म्हणाला, "ती विहीर आहे ना..."

शॅरनने पाण्यात हात घालून गोटा चाचपला.

"थंड आहे," ती म्हणाली. "मम्मीच्या वेळेला पण असंच थंड होतं?"

"ह्याहून थंड. डिसेंबर होता. पहिला तांब्या घातला तर अशी किंचाळली, समोरच्या घरातले लोक विळे घेऊन बाहेर आले."

तो थांबला. आतून कुणी टाचणी लावण्याची वाट पाहू लागला.

"आले होते," सेराफिना म्हणाली. "तिघं."

मग एक तांब्या तिने घातला, एक लताताईने. पाणी शॅरनच्या केसांवरून, डोळ्यांवरून उतरलं. डोळ्यांतून काय उतरलं ते त्यात कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये आशीर्वाद झाला, दुपारी हॉलमध्ये बुद्धवंदना झाली, दोन्हीकडचे लोक दोन्हीकडे उठायचं तिथे बसले आणि बसायचं तिथे उठले, आणि संध्याकाळी शॅरन दिंडोशीला निघाली. रस्त्यावर गाडी उभी होती. निघण्यापूर्वी ती एकदा मोरीकडे तोंड धुवायला जाऊन आली. बेसिलने तिची पर्स गाडीत ठेवायला उचलली, तर खांदा एका बाजूला गेला.

"काय भरलंयस? दगड?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मेकअप, आजा," शॅरन म्हणाली आणि पर्स त्याच्या हातून काढून मांडीवर घेतली. दोन्ही हात तिने त्या पर्सवर ठेवले. गाडी वळेपर्यंत काढले नाहीत.

लोक पांगले. बेसिल घरात आला. सेराफिना पलंगावर बसून लाल लुगड्याची घडी घालत होती. घर मोठं झालं होतं. तो उगाच इकडून तिकडे फिरला, खुर्ची सरकवली, परत होती तिथे ठेवली. मग मोरीत गेला.

"सेराफिना, कळशीतला गोटा कुठे गेला?"

तिने घडीवरून हात फिरवला. कोपऱ्याला कोपरा जुळवला.

"वितळला," ती म्हणाली.

बेसिल तिच्याकडे बघत राहिला. ती मान वर करत नव्हती. मग त्याने वाकून कळशीत हात घातला.

तळ ओला होता.

"हां," तो म्हणाला. "आपल्याकडे उकाडा पण किती आहे."